साठच्या दशकातले स्वस्तातले युरोपीय हिरेचोरीपट : नवख्यांनी कुठून आणि कसं सुरू करावं

हिरा हा निर्मात्याला परवडणारा ऐवज आहे. एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम, म्हणजे पाच हजार कॅरटचा माल लांबवला तरी वजन भरतं एक किलो. सोनं चोरायचं तर ट्रक हवा, बोगदा हवा, उचलणारी माणसं हवीत. नोटा चोरायच्या तर पोती हवीत, शिवाय त्यांचे नंबर पोलिसांकडे असतात ही भानगड वेगळीच. हिऱ्यांना एक मखमली पिशवी आणि मूठभर काच पुरते. १९६०च्या दशकात इटली, फ्रान्स, स्पेन, पश्चिम जर्मनी आणि ब्रिटनमधल्या बेताच्या पैशांत काम करणाऱ्या निर्मात्यांना हा हिशोब चांगला कळत होता.

पाहणाऱ्यानेही तोच हिशोब धरून बसावं. या चित्रपटांना भव्य बॉन्डपटाच्या मापाने मोजलं तर ते फाटके वाटतात. पैसा कुठे वाचवला आणि वाचलेला कुठे ओतला, हे शोधत पाहिलं तर मात्र मजा येते. पुढच्या पायऱ्या त्याच रोखाने लावल्या आहेत.

पायरी १ : आधी दोन साचे पाहून घ्या

दोन्ही चित्रपट पन्नाशीतले आहेत, पण त्यांच्याशिवाय साठीतलं काही नीट लागत नाही.

पहिला ज्यूल्स दासँचा ‘रिफिफी’ (१९५५). डाव्या विचारांमुळे अमेरिकेत काळ्या यादीत गेल्याने काम बंद झालेल्या या दिग्दर्शकाने तो पॅरिसमध्ये केला. खर्च सुमारे दोन लाख डॉलर, नावाजलेला हीरो नाही, आणि एका चोराची भूमिका दासँनेच टोपणनावाने उरकलेली. जवाहिऱ्याच्या दुकानातली चोरी जवळजवळ अर्धा तास चालते, त्यात संवाद नाही आणि पार्श्वसंगीतही नाही. वरच्या फ्लॅटच्या जमिनीला भोक पाडतात, त्यातून मिटलेली छत्री खाली सोडून उघडतात, म्हणजे गिलाव्याचे तुकडे दुकानात न पडता छत्रीत जमा होतात. अलार्मच्या घंटेत आग विझवायच्या नळकांड्यातला फेस भरून तिचा आवाज कोंडतात. छत्री आणि फेस, दोन्ही बाजारात मिळणाऱ्या वस्तू. पुढच्या दहा वर्षांत जे जे चोरीपट निघाले ते या अर्ध्या तासाची उजळणी करत होते. दासँला या चित्रपटासाठी कान चित्रपट महोत्सवात दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं, त्यामुळे साच्याला प्रतिष्ठाही आली.

दुसरा मारियो मोनिचेल्लीचा ‘ई सोलिती इन्योती’ (१९५८). यात तेच सगळं उलटं होतं. टोळी भुरट्यांची, तिजोरी कशी फोडावी याची शिकवणी घेणारी. ती शिकवणी गच्चीवर देतो विनोदी नट तोतो. इटालियन चोरीपटांतला विनोद इथून आला. गंभीर चोरीच्या मधोमध कुणी तरी वेंधळेपणा करतो, तेव्हा तो दिग्दर्शकाचा तोल गेला असं समजू नका. तो या दुसऱ्या साच्याचा अंश असतो.

हे दोन एकाच दिवशी पाहू नका. दोन्हींमध्ये चोरीची तयारी तपशिलाने येते आणि लागोपाठ पाहिल्यावर पहिल्याची धार बोथट होते.

पायरी २ : एका चित्रपटाची चार नावं धरायला शिका

नवखे लोक इथेच अडकतात. हे चित्रपट बहुधा दोन-तीन देशांच्या भागीदारीत निघत. इटली आणि फ्रान्समध्ये १९४९ साली सहनिर्मितीचा करार झाला, नंतर इतर देशांशीही झाले. करारात बसलेला चित्रपट दोन्ही देशांत स्वदेशी धरला जाई आणि दोन्हीकडच्या सवलती मिळत. बदल्यात प्रत्येक देशाचे नट आणि तंत्रज्ञ ठरलेल्या प्रमाणात घ्यावे लागत. टोळीत एक जर्मन, एक फ्रेंच, एक इटालियन आणि एक इंग्रज असतो तो असा. कथेत मात्र तो ‘निष्णातांची आंतरराष्ट्रीय तुकडी’ म्हणून येतो. कागदावरची अट कथेत इतकी सहज जिरवलेली क्वचित दिसते.

भागीदार जितके, तितकी नावं. जुलियानो मोन्ताल्दोचा ‘अद ओन्यी कोस्तो’ (१९६७) इंग्रजीत ‘ग्रँड स्लॅम’ आहे, जर्मनीत ‘टॉप जॉब’ आणि स्पेनमध्ये ‘दियामान्तेस आ गो-गो’. नाव टाकून शोधलं आणि काही सापडलं नाही, तर चित्रपट गहाळ आहे असं लगेच मानू नका. दिग्दर्शकाचं आडनाव, साल आणि एका नटाचं नाव, असे तीन धागे एकत्र टाका. त्यांतला साल हा सगळ्यात कच्चा धागा. इटलीतलं प्रदर्शन आणि इंग्लंड-अमेरिकेतलं प्रदर्शन यांत एक-दोन वर्षांचं अंतर असतं, म्हणून एक वर्ष मागेपुढे धरूनच शोधा.

दिग्दर्शकाच्या नावातही गंमत असते. इटालियन माल अमेरिकन वाटावा म्हणून इंग्रजी नावं घेण्याची चाल होती. सेर्जियो ग्रिएको हा ‘टेरेन्स हॅथवे’ झाला, आन्तोनियो मार्गेरिती ‘अँथनी एम. डॉसन’. श्रेयनामावलीत अपरिचित इंग्रजी नाव आणि बाकी सगळी मंडळी रोमची दिसली तर टोपणनावाचा संशय घ्यायला हरकत नाही.

‘रिफिफी’ या शब्दाला तर कुणीही हात घालत असे. जाक दरेचा ‘रिफिफी आ तोक्यो’ (१९६३) खरोखर हिऱ्याच्या चोरीचा आहे. ग्रिएकोचा ‘रिफिफी अद अ‍ॅमस्टरडॅम’ (१९६६) नावाला जागतो. पण त्याच १९६३ सालचा, हेसूस फ्रांकोचा स्पॅनिश ‘रिफिफी एन ला सिउदाद’ चोरीचा नाहीच, तो सूडाचा गुन्हेपट आहे. वर मूळ ‘रिफिफी’तला ज्याँ सर्वे त्यातही आहे, म्हणजे पोस्टर पाहून फसण्याची पुरती सोय. चित्रपट म्हणून तो चांगला आहे, फक्त हिऱ्यांच्या आशेने लावू नका.

पायरी ३ : प्रत तपासल्याशिवाय बसू नका

पाच मिनिटांची तपासणी पुरे, पण ती करा. चुकीच्या प्रतीवर पाहिलेला चोरीपट वाया जातो.

सुरुवात चौकटीपासून. यांतले अनेक रंगीत चित्रपट टेक्निस्कोपवर चित्रित झाले. ही टेक्निकलरच्या रोम शाखेने काढलेली काटकसरीची पद्धत. नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर एका चौकटीला कडेच्या चार छिद्रांइतकी उंची लागते, टेक्निस्कोपमध्ये दोनच. म्हणून हजार फुटांचं रीळ ११ मिनिटांऐवजी २२ मिनिटं चालतं आणि कच्च्या फिल्मचा खर्च निम्म्यावर येतो. पडद्यावर मात्र चित्र रुंद, सुमारे २.३५ ला १ या प्रमाणात. जुन्या टीव्हीसाठी ४:३ मध्ये कापलेल्या प्रतीत या रुंदीचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग जातो. प्रेमकथेत ते एक वेळ चालतं. चोरीपटात डावीकडे पहारेकरी आणि उजवीकडे तिजोरीशी बसलेला चोर एकाच चौकटीत असतात. कापलेल्या प्रतीत दोघांतला एकच उरतो आणि ताण जातो. चित्र पडदाभर उभं भरलेलं दिसलं, माणसं कडेला अर्धी कापली जात असली, तर ती प्रत बाजूला ठेवा.

मग वेळ. युरोपातल्या जुन्या डीव्हीडी तिथल्या टीव्हीच्या ‘पाल’ पद्धतीच्या. त्यात सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटी धावतात, त्यामुळे १०० मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपतो. चार टक्क्यांची तूट म्हणजे कापाकापी नव्हे. दहा-पंधरा मिनिटं कमी असतील तर मात्र काही तरी उडवलेलं आहे. हॅमर कंपनीचा ‘कॅश ऑन डिमांड’ (१९६१) मुळात ८० मिनिटांच्या आसपासचा, पण ब्रिटनमध्ये तो बराच छाटून दाखवला गेला. कापणारे लोक पहिली कात्री टेहळणी आणि तालमीच्या प्रसंगांना लावतात आणि मग चोरीत कोण काय करतोय ते कळत नाही.

याच पाल वेगामुळे सबटायटलही घसरतात. वेगळ्या फाइलचे सबटायटल लावले आणि सुरुवातीला जुळलेले असूनही तासाभरात सुमारे अडीच मिनिटांचा फरक पडला, तर फाइल २४ चौकटींच्या प्रतीवर बेतलेली आहे असं समजा. पुढेमागे सरकवून ते सुटत नाही, कारण फरक वाढतच जातो. प्लेअरमध्ये सबटायटलचा वेग बदलायची सोय असते, तिथे २४ ते २५ असा बदल करा. फरक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच असेल तरच नुसतं सरकवणं पुरतं.

आवाजाचं प्रकरण जरा जास्त वेळ देण्यासारखं आहे. इटलीत त्या काळी चित्रीकरण होताना आवाज नोंदवत नसत, नोंदवला तरी तो कामचलाऊ. नट आपापल्या भाषेत बोलत आणि सगळे संवाद नंतर स्टुडिओत भरले जात. म्हणजे ‘मूळ भाषा’ अशी एकच नसते. मग कोणता ट्रॅक घ्यावा? प्रमुख नटाचे ओठ पाहा. प, ब, म हे ओठ मिटल्याशिवाय उच्चारता येत नाहीत. इंग्रजी ट्रॅकवर असे वर्ण ऐकू येताना त्याचे ओठ मिटत असतील तर तो इंग्रजीतच बोललेला आहे. एक मिनिटाचा जवळून घेतलेला संवाद यासाठी पुरतो. ‘ग्रँड स्लॅम’साठी इंग्रजी घ्या, कारण एडवर्ड जी. रॉबिन्सन आणि जॅनेट ली तिथे स्वतःच्या आवाजात आहेत. टोळी सगळी इटालियन असेल तर इटालियन ट्रॅक आणि सबटायटल. तेव्हा एक पाहून घ्या : काही डिस्कवर इटालियन ट्रॅकखाली इंग्रजी डबिंगचेच संवाद छापलेले असतात. नट चार वाक्यं बोलला आणि खाली एकच ओळ आली, असं वारंवार घडलं तर ओळखावं.

भारतात राहणाऱ्यांसाठी आणखी एक. आपली डीव्हीडी विभाग ५ मधली आणि ब्लू-रे विभाग सी मधली. युरोपची डीव्हीडी विभाग २, ब्लू-रे बी. अमेरिकेची १ आणि ए. बाहेरच्या नातेवाइकांकडून डिस्क मागवण्याआधी पाठीवरचा विभाग विचारून घ्या, नाहीतर पुण्यातल्या प्लेअरमध्ये ती चालायची नाही.

रंग गुलाबी-लालसर पडलेले असतील तर ती जुन्या ईस्टमनकलर प्रिंटवरून केलेली प्रत आहे. त्या फिल्मवरचा निळसर रंग आधी उडतो. दुसरं काहीच मिळत नसेल तर चालवून घ्या. टीव्हीचे रंग फिरवून ते परत येत नाहीत.

पायरी ४ : पहिला चित्रपट ‘ग्रँड स्लॅम’

हाच पहिला का, तर यात या जातीचे सगळे अवयव ठसठशीत आहेत आणि लांबी दोन तासांच्या आसपास असूनही तो रेंगाळत नाही.

रिओ द जानेरोतल्या कॉन्व्हेंट शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त होणारा प्राध्यापक अँडर्स (रॉबिन्सन) खिडकीतून समोरच्या हिरे कंपनीचा सगळा व्यवहार पाहत आलेला आहे. माल एक कोटी डॉलरचा, वेळ कार्निव्हलची. तो एका जुन्या मित्राकडे जातो, जो आता गुन्हेगारी जगात बडा झालेला आहे (आदोल्फो चेली), आणि त्याच्याकडच्या माहितीतून चार माणसं निवडली जातात : तिजोरी उघडणारा इंग्रज बटलर, इलेक्ट्रॉनिक्स जाणणारा इटालियन, हुकूम सोडणारा जर्मन (क्लाउस किन्स्की) आणि एक देखणा फ्रेंच, ज्याच्याकडे किल्ली सांभाळणाऱ्या मेरी अ‍ॅनला (ली) भुलवण्याचं काम आहे. ऐन वेळी कळतं की तिजोरीला ‘ग्रँड स्लॅम ७०’ नावाची आवाजावर चालणारी नवी यंत्रणा बसवली आहे. जराही आवाज झाला की घंटा.

आता हिशोब लावा. आवाजावर चालणारी यंत्रणा पडद्यावर दाखवायला काय लागतं? एक पेटी, एक दिवा आणि ध्वनिपट्टीवरची शांतता. लेझर नको, फिरते दरवाजे नकोत. शांतता फुकट मिळते आणि ती ‘रिफिफी’च्या अर्ध्या तासाशी थेट नातं सांगते. बाहेर रस्त्यावर कार्निव्हलचा गोंगाट, आत टाचणी पडली तरी धोका. वाचवलेला पैसा गेला रिओच्या खऱ्या चित्रीकरणात आणि नटांच्या मानधनात, आणि तो दिसतोही.

रॉबिन्सन किती वेळ दिसतो तेही टिपून ठेवा. सुरुवातीला आणि अगदी शेवटी. मधली सगळी चोरी त्याच्याशिवाय. उतारवयातला हॉलिवूडचा नट मोजक्या दिवसांसाठी आणायचा, त्याचं नाव पोस्टरवर सगळ्यांत वर लावायचं आणि त्याचे प्रसंग दोन टोकांना ठेवायचे, ही त्या काळची रुळलेली युक्ती. इतर चित्रपटांत ती कथेला लटकवलेली वाटते. इथे योजना आखणारा म्हातारा प्रत्यक्ष चोरीपासून लांब असणंच बरोबर आहे, म्हणून ती खपून जाते.

संगीत एन्नियो मोरिकोनेचं. आणि इलेक्ट्रॉनिक्सवाल्याची भूमिका करणारा रिकार्दो कुच्चोला विसरू नका. चार वर्षांनी याच दिग्दर्शकाच्या ‘साक्को ए वान्त्सेत्ती’साठी त्याला कानमध्ये अभिनयाचं पारितोषिक मिळालं. घाबरट, सभ्य, खिशात हात घालून उभा राहणारा हा माणूस टोळीत सगळ्यांत खरा वाटतो.

पायरी ५ : चोरीचा भाग कागद घेऊन पाहा

पहिल्या पाहण्यात नको. दुसऱ्यांदा पाहताना फक्त चोरीचा भाग लावा, हातात कागद-पेन्सिल आणि मोबाइलचं स्टॉपवॉच.

कागदावर तीन गोष्टी काढा : आत शिरायची वाट, तिजोरी, पहारेकरी. प्रत्येक कटनंतर माणूस नकाशात कुठे आहे ते खुणवा. चांगल्या चोरीपटात संपेपर्यंत नकाशा पुरा होतो. पुरा झाला नाही तर तीन कारणं संभवतात. प्रत कापलेली आहे. किंवा टेहळणीच्या प्रसंगात तुमचं लक्ष नव्हतं, तेव्हा मागे जा, कारण जागेची ओळख तिथेच करून दिलेली असते. किंवा दिग्दर्शकाकडे पुरेसा सेटच नव्हता. तिसरं बऱ्याचदा खरं निघतं. एकच मार्गिका दोन टोकांनी चित्रित करून दोन मार्गिका म्हणून खपवलेली असते. भिंतीवरचा दिवा, दाराची मूठ, फरशीचा डाग यांवर नजर ठेवली की पकडता येतं.

स्टॉपवॉचने दोन वेळा मोजा. टोळीने ठरवलेली वेळ, समजा ‘चार मिनिटांत बाहेर’, आणि पडद्यावर लागलेली वेळ. पडद्यावरचा काळ बहुधा जास्त भरतो. किती जास्त, यावर दिग्दर्शकाचा हात कळतो. दुप्पटपर्यंत ताण टिकतो, त्यापलीकडे गेलं की घड्याळाचे क्लोज-अप नुसते भरतीचे वाटू लागतात.

आणि हात पाहा. तिजोरीवरचे, तारांवरचे, ड्रिलवरचे जवळचे शॉट बहुतेक वेळा मागाहून, नटाच्या गैरहजेरीत घेतलेले असतात. बोटं जाड, अंगठी गायब, बाहीचा रंग जरा वेगळा. हे दोष शोधून हसण्यापुरतं नाही. असे क्लोज-अप जितके जास्त, तितका प्रसंग संकलनाच्या टेबलावर उभा राहिलेला असतो, आणि या जातीतले काही उत्तम प्रसंग तसेच उभे राहिलेत.

पायरी ६ : बाकीच्या बचतीच्या खुणा

रात्रीचं बाहेरचं चित्रीकरण महाग, म्हणून भर दुपारी निळा फिल्टर लावून रात्र केली जाते. जमिनीवर धारदार सावल्या आणि काळवंडलेलं पण उजळ आकाश दिसलं की ती दुपारच. शहराची दृश्यं अचानक अधिक खरखरीत किंवा वेगळ्या रंगाची झाली तर ती दुसऱ्या कुठल्या तरी चित्रीकरणातून उचललेली. टेक्निस्कोपची छोटी चौकट मोठी केल्याने सगळ्याच चित्रात थोडी रवाळी असते, ती यात मोजू नका.

काटकसरीची कमाल पाहायची असेल तर मारियो बाव्हाचा ‘दियाबोलिक’ (१९६८) घ्या. त्यात पाचूंचा हार आहे, हिरे नाहीत, तरी चालेल. चोराची भुयारातली प्रचंड गुहा बहुतांशी काचेवर रंगवलेलं चित्र आणि कॅमेऱ्यासमोर धरलेली कात्रणं यांतून उभी केली आहे. चित्र थांबवून पाहा : माणसं फिरतात ती चौकटीच्या एका छोट्या भागातच.

कच्च्या हिऱ्याबद्दलही इथेच. खाणीतून आलेला हिरा चमकत नाही, तुरटीच्या खड्यासारखा दिसतो. त्या काळी कच्च्या मालाची मोठी विक्री लंडनच्या चार्टरहाउस स्ट्रीटवरून डी बीयर्स या हिरे कंपनीच्या यंत्रणेमार्फत, ठरलेल्या ग्राहकांना, वर्षातून दहा वेळा होई. पडद्यावर मात्र पिशवी उलटी केली की पैलू पाडलेले हिरेच ओघळतात, आणि तेही झुंबराच्या लोलकाच्या आकाराचे. सुरत-मुंबईच्या हिरेबाजारात वावरलेल्या माणसाला हे पाहवणार नाही. पण मागच्या रांगेतल्या प्रेक्षकाला मळकट खडे दाखवून थरार आणता येत नाही, तेव्हा सोडून द्या.

पायरी ७ : पुढचा क्रम

मार्को व्हिकारियोचा ‘सेत्ते उओमिनी दोरो’ (१९६५) आता लावा. ऐवज सोनं आहे, पण युक्तीची रचना पाहण्यासाठी तो हवाच. जिनिव्हात भरदिवसा, रस्ता खणणाऱ्या कामगारांच्या वेषात काम सुरू होतं आणि म्होरक्या (फिलिप लरुआ) समोरच्या हॉटेलातून रेडिओवर सूत्रं हलवतो. टोळी जमवण्याचे लांबलचक प्रसंग गाळून थेट कामाला हात घातला आहे, ते मोठं धाडस. आर्मांदो त्रोव्हायोलीच्या संगीतातली शब्दांविना गाणारी पथकं इतकी लागू पडली की पुढे तो प्रकार सगळीकडे झाला.

त्यानंतर मिकेले लुपोचा ‘मास्टर स्ट्रोक’ (१९६७). रिचर्ड हॅरिसनसारखा वेस्टर्नमधला नट, हिरे, सोंग घेण्याची योजना आणि पुन्हा आदोल्फो चेली. चेलीचा चेहरा हा या प्रदेशातला भरवशाचा वाटाड्या आहे. ‘ग्रँड स्लॅम’, ‘मास्टर स्ट्रोक’, ‘दियाबोलिक’ तिन्हींत तो आहे. १९६५च्या ‘थंडरबॉल’मधल्या खलनायकामुळे तो जगभर ओळखीचा झाला होता, जरी तिथला इंग्रजी आवाज त्याचा नसला तरी.

हलकंफुलकं हवं असेल तर निकोलास गेसनरचा ‘अं मिल्यार दां अं बिय्यार’ (१९६५) : जीन सीबर्ग, क्लोद रिश, आणि लपवाछपवीत सापडलेलं बिलियर्डचं टेबल. जर्मनीतून आल्फ्रेड फोररचा ‘लांगं बायनं, लांगं फिंगर’ (१९६६), सेंटा बर्गर दागिने लांबवणारी. दोन्ही एकदा पाहण्याचे.

ब्रिटनचा माल वेगळा : काळापांढरा, तास-सव्वा तासाचा, मुख्य चित्रपटाआधी दाखवायला बनवलेला. ‘कॅश ऑन डिमांड’ जवळजवळ एका बँकेच्या शाखेतच घडतो आणि पीटर कुशिंग तो एकहाती तोलतो. व्हर्नन स्युएलच्या ‘स्ट्राँगरूम’चा (१९६२) खरा ताण तर चोरी झाल्यानंतर सुरू होतो : मॅनेजर आणि त्याची सेक्रेटरी तिजोरीच्या खोलीत अडकलेत, आत हवा मोजकी. या दोन्हींत हिरे नाहीत, पण एका खोलीत ताण कसा धरावा हे इटालियन दिग्दर्शकांपेक्षा यांना जास्त साधलं आहे, असं आमचं स्पष्ट मत. पीटर येट्सच्या ‘रॉबरी’ची (१९६७) सुरुवातीची जवाहिरांची चोरी आणि लंडनमधला मोटारींचा पाठलाग तेवढा आवर्जून पाहा. त्या पाठलागामुळे येट्सला हॉलिवूडचा ‘बुलिट’ मिळाला. बाकीचा चित्रपट आगगाडीच्या लुटीचा आहे.

आठवड्याला दोनहून जास्त नकोत. टोळी जमवण्याचे प्रसंग सगळीकडे सारखेच असतात आणि चौथ्या चित्रपटाला कोण कुठला ते मिसळायला लागतं.

शेवटांविषयी, कारण त्यावर सगळे चिडतात

माल हाती येतो आणि निसटतो. असं इतक्या वेळा होतं की नवा प्रेक्षक दिग्दर्शकाला शिव्या देतो. पण अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत शिरायचं तर तिथली नीतिसंहिता आड येत होती, ती १९६८ च्या अखेरीपर्यंत टिकून होती. स्पेन भागीदार असेल तर हुकूमशहा फ्रांकोच्या (दिग्दर्शक हेसूस फ्रांको वेगळा) राजवटीची सेन्सॉरशिप होतीच. चोराला पचलेला माल दाखवणं अवघड होतं. म्हणून लेखकांनी सगळी हुशारी माल कसा निसटतो यात घातली. शेवटची दहा मिनिटं ‘पकडले गेले का?’ असं न पाहता ‘हिरे आत्ता कुणाच्या हातात आहेत?’ असं पाहा. पिशवी किती वेळा हात बदलते ते मोजा. ‘ग्रँड स्लॅम’मध्ये शेवटचा हात अगदी अखेरच्या शॉटपर्यंत ठरत नाही, तेव्हा श्रेयनामावली येईपर्यंत उठू नका.

थांबायचं कुठे, हेही ठरवून ठेवा. दासँचाच ‘तोपकापी’ (१९६४) आणि व्हेर्नईचा ‘सिसिलियन क्लॅन’ (१९६९) मोठ्या पैशांचे आहेत, ते तुलनेसाठी शेवटी घ्या. झ्याँ-पियेर मेलव्हिलचा ‘ल सेर्कल रूझ’ (१९७०) त्याहून शेवटी. प्लास व्हाँदोमवरची त्याची निःशब्द चोरी आधी पाहिली तर वर सांगितलेले निम्मे चित्रपट पाहायचा धीर उरत नाही.